बारा ग्रॅम जास्त

एकशे चाळीस ग्रॅम लोकर दिली होती आणि एकशे बावन्न ग्रॅमचा सेट परत आला. स्वेटर, टोपरं आणि पायमोज्यांची जोडी, सगळं मिळून. बटणं लागायची होती. ती बायको शेवटी लावायची. म्हणजे बटणांचं वजन त्यात नव्हतं. मी काटा रिकामा करून पुन्हा सरळ केला, पारडी अदलाबदल केली, पुन्हा तोललं. एकशे बावन्न.

मी मापारी होतो. अमरावतीच्या कापूस बाजारात चोवीस वर्षं मोजमाप केलं. मापाऱ्याची मजुरी क्विंटलवर असते, आणि ज्या वर्षांबद्दल मी लिहितो आहे, त्या वर्षांत बाजारात येणारे क्विंटलच कमी होत गेले. कापूस कोणी परस्पर व्यापाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं, कोणी हद्दीपलीकडे मध्यप्रदेशात. काही दिवस मी सकाळी जाऊन काट्यावरची धूळ पुसायचो आणि दुपारी घरी यायचो. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमच्याच जिल्ह्यांची नावं असायची. आमच्या घरात कोणाला उपाशी राहावं लागलं नाही, पण मुलीच्या लग्नाचा खर्च अजून फिटायचा होता आणि घराचा वरचा मजला अर्धवट राहिलेला होता. म्हणून बायकोच्या विणकामाकडे, जे तोवर घरातल्या घरात चाले, आम्ही दोघांनी वेगळ्या नजरेनं पाहायला सुरुवात केली.

ती विणायला धामणगाव रेल्वेला शिकली, लग्नाआधी. रेल्वे क्वार्टरमधल्या एका बाईंनी तिला शिकवलं. तिचा हात घट्ट आणि एकसारखा. आधी गल्लीतल्या दोघीतिघींना स्वेटर करून दिले. मग मुलीच्या सासरी, अकोल्याला, एका लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात दोन सेट दाखवले, तर दुकानदारानं हिवाळ्यासाठी एकदम तीस बाळंतविड्याचे सेट सांगितले. तीस सेट एका बाईच्या हातानं होत नाहीत. म्हणून तिनं आजूबाजूच्या तिघींना कामाला लावलं. लोकर आमची, सुया आमच्या, मजुरी सेटवर.

लोकर द्यायची तोलून आणि तयार माल घ्यायचा तोलून, हा नियम मी लावला. बायको म्हणाली होती, "बायका काय म्हनतीन?" मी म्हणालो, "तोलल्यावर कोनाले काही म्हनायची पाळीच येत नाही." एक जुना पितळी काटा मी बंद पडलेल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणला होता, एक ग्रॅमपर्यंतच्या वजनांसकट. दर रविवारी सकाळी ओसरीवर चटई टाकायची, तिघी यायच्या, मी वही घेऊन काट्यापाशी बसायचो.

पहिल्या महिन्यातच तूट किती धरायची ते कळलं. विणताना लोकरीची टोकं कापली जातात, थोडा भुसा उडतो. दोघींचा माल दर वेळी दोन-तीन ग्रॅम कमी यायचा. बायको स्वतः विणायची तोही दोन ग्रॅम कमी. ते ठीक होतं. तिसरीचा माल जास्त यायचा. आधी आठ ग्रॅम, मग दहा, आणि त्या दिवशी बारा.

ही तिसरी म्हणजे आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी भाभी. सगळी वस्ती तिला भाभीच म्हणे. तिचा नवरा पिंजारी. गाद्या-रजया भरून द्यायचा, कापूस पिंजायचा. फोमच्या गाद्या आल्यापासून त्याच्याही कमानीची तार महिन्यातून चार दिवस वाजायची. पाच मुलं, पाचही धडधाकट. तिघींत सगळ्यांत सुबक काम भाभीचं होतं. टोपऱ्याच्या कडेला ती जी वेल घालायची ती बायकोलाही जमत नव्हती.

बाजारात चोवीस वर्षं जो बसला त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. लबाडी वजन कमी करून होत नाही, वाढवून होते. कापसावर पाणी मारतात. बैलगाडीच्या तळाशी ओला कापूस आणि वर कोरडा. म्हणून आम्ही खांद्यापर्यंत हात घालून तळाची मूठ बाहेर काढायचो, दाबायचो आणि सोडायचो. कोरडा कापूस मुठीतून सुटला की फुलतो. ओला तसाच गोळा होऊन राहतो. माझा हात त्यात इतका मुरला होता की आंबा घेतानाही मी तो आधी दाबून मग सोडून पाहायचो, आणि बायको फळवाल्यासमोर मला ओशाळवायची.

भाभीचा आधीच्या खेपेचा, दहा ग्रॅम जास्त आलेला स्वेटर मी तसाच दाबून पाहिला होता. फुलला. तरी दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकला. एक ग्रॅम कमी झाला, तेवढा तर बायकोच्या विणीचाही झाला असता. ओल नव्हती. मग हाताचं तेल? वास घेतला, नव्हता. राहिली एकच गोष्ट. ती आमची चांगली लोकर काढून ठेवते आणि तिच्या जागी दुसरी, स्वस्त आणि जड, भरते. तूट झाकणारा माणूस घाबरून थोडं जास्तच टाकतो, हे मी काट्यावर शेकडो वेळा पाहिलेलं होतं.

आता शंका डोक्यात शिरली म्हटल्यावर पुरावे दिसू लागले. भाभीच्या घरावरून माझा बाजारात जायचा रस्ता. त्या पंधरा दिवसांत मी तीनदा अनोळखी बायकांना तिच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं, हातात फडक्यात बांधलेलं लहानसं गाठोडं. एक बाई हिवरखेडची होती. पानठेल्यावर तिच्या सोबतच्या माणसानं गाव सांगितलं. हिवरखेडहून अकोला, अकोल्याहून अमरावती, एवढ्या लांबून पिंजाऱ्याच्या घरी एक बाई एक वीतभर गाठोडं न्यायला येते, याचा अर्थ मी काय लावायचा? मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाभीकडून काय घेतलं, बाई?" तिनं गाठोडं पदराखाली ओढलं आणि उत्तर न देता चालू लागली. तिचा माणूस मात्र माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मीच काही चोरलं आहे.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "भाभी आपली लोकर इकून राहिली."

ती पोळ्या लाटत होती. तिनं वर पाहिलं नाही. "वजन तं जास्त येऊन राहिलं म्हनता."

"म्हनूनच."

"म्हनूनच काय? जास्त आलं तं चोरी, कमी आलं तं चोरी. मंग बाईनं आनावं तरी किती?"

"जितकं दिलं तितकं. दोन-तीन कमी."

"तुमी ना, मरताना यमाले बी आधी काट्यावर बसवसान," ती म्हणाली. आणि विषय सोडला. तिनं विषय इतक्या पटकन का सोडला, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. माझा सगळा संशय दोन गल्ल्या पलीकडे खर्च होत होता.

बारा ग्रॅम जास्त आले त्या रविवारी ओसरीवर बाकी दोघी होत्याच. मी आकडा मोठ्यानं वाचला. "एकशे बावन्न. भाभी, बारा ग्राम कुठून आले?"

भाभी हसली. "बरकत समजा, भाऊ."

"काट्यावर बरकत नसते."

"मंग हाताचं वजन असंन. माहा हात जड हाय, घरी पोट्ट्यायले इचारा."

बाकीच्या दोघी हसल्या. मीही हसलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी स्वेटर हातात घेतला, त्या सगळ्यांसमोर मूठभर दाबला आणि सोडला. ही खूण त्यांतल्या प्रत्येकीला कळत होती. घरोघरी कापूसच पिकतो, कापूसच विकतात. ओला माल आणणाऱ्याच्या कापसाला असं दाबतात. भाभीचं हसू थांबलं.

"उसवू का?" मी विचारलं.

"माल तुमचा हाय."

मी कात्री घेतली. स्वेटरची खालची पट्टी दुमडून आत शिवलेली होती. ती सोडली. आत, जिथं कोणाचीही नजर जाणार नाही अशा जागी, दुसरी लोकर होती. आमची पिवळी, ही तपकिरी, विटलेली, वळ्यावळ्यांची. एकदा विणून उसवलेल्या लोकरीला जशा वळ्या पडतात तशा. जुनी लोकर. मी ती ओढत गेलो आणि ती निघत गेली. कुठं अडकली तिथं कापली. मला आठवतं की तेव्हा मला समाधान वाटत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटत होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. "राहू द्या ना," ती हळू म्हणाली. मला वाटलं, चारचौघांत नको असं तिला म्हणायचं आहे.

भाभी म्हणाली, "काढा. पुरी काढा. अर्धी ठेऊ नोका." मग तिनं पिशवीतून सुयांच्या दोन जोड्या काढल्या, काट्याशेजारी ठेवल्या. पुढच्या सेटसाठी नेलेल्या लोकरीचे दोन गुंडे काढले, तेही ठेवले. "हे बी तोलून घ्या. मंग मी जातो."

मी ते तोलून घेतले. बरोबर भरले. ती चपला घालून गेली. बाकीच्या दोघींनी आपापला माल दिला, मजुरी घेतली, आणि नेहमीप्रमाणे चहाला थांबल्या नाहीत.

मग मी एकट्यानं तपकिरी लोकर गोळा करून तोलली. अकरा ग्रॅम. कागदाची पुडी केली, वर वजन आणि तारीख लिहिली, आणि कपाटाच्या खणात ठेवली. पुरावा म्हणून. त्यानंतर उसवलेला सेट तोलला. एकशे अडतीस.

हा आकडा मी बराच वेळ पाहत राहिलो. एकशे चाळीस दिले होते. तूट दोन. म्हणजे आमची पिवळी लोकर पुरीच्या पुरी त्या सेटमध्ये होती. बाकीच्या दोघींच्या मालात असायची तितकीच. कोणी काही काढलंच नव्हतं. फक्त घातलं होतं.

संध्याकाळी बायको माझ्यासमोर येऊन बसली. "झालं समाधान?"

"तुले माहीत होतं?"

"मीच सांगतलं होतं तिले."

मग तिनं सांगितलं. आमच्याकडे बाळाला पहिल्या दिवशी कोरं कापड घालत नाहीत, हे मलाही माहीत होतं. जुनं, वापरलेलं, दुसऱ्या लेकराच्या अंगावर राहिलेलं घालायचं. ज्यांचं आधीचं बाळ दगावलं असेल त्या तर ज्या घरची लेकरं सगळी जगलीवाढली अशा घरी जाऊन जुनं झबलं मागून आणतात. त्यात जात-धर्म पाहत नाहीत. आणलेलं कोणाला दाखवत नाहीत, कुठून आणलं ते सांगत नाहीत. भाभीची पाच मुलं पाचही सुखरूप. तिच्याकडे बायका वर्षानुवर्षं येत होत्या. परतवाड्याहून येत, हिवरखेडहून येत. देऊन देऊन तिच्या घरातलं एकही जुनं झबलं उरलं नाही. तेव्हा तिनं धाकट्याचा तपकिरी स्वेटर होता तो उसवला आणि मागायला येणाऱ्यांना ती त्याचेच गुंडे द्यायला लागली, घरच्या विणीत घालून घ्या म्हणून. आमच्यासाठी विणायला लागल्यावर बायको तिला म्हणाली, बाळंतविडाच आहे, तर पट्टीत थोडी घाल. दुकानातून नवं घेणाऱ्या बाईला कुठं मागायला जायला जमतं?

"आनि मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी भेसळ म्हनाले असते."

"भेसळच हाय थे. नवा म्हनून इकतो आपन. आत जुनं."

"पाहा," ती म्हणाली. "म्हनून नाही सांगतलं." मग तिनं आणखी एक विचारलं. भाभीच्या जागी आपल्यातली कोणी असती, तर चारचौघांत कात्री लावली असती का? मी म्हणालो, लावली असती. तिनं मान हलवली, हो म्हणायला की नाही म्हणायला, ते मला कळलं नाही. या प्रश्नाचं उत्तर मी नंतरही स्वतःला बऱ्याचदा विचारलं. लावली असती असंच मला वाटतं. पण तेव्हाच्या माझ्या हातावर माझा आता पूर्ण भरवसा नाही.

भाभीकडे जाऊन माफी मागावी असं बायकोचं म्हणणं. मी गेलो नाही. भेसळ ही माझ्या लेखी भेसळच होती, आणि ज्यांनी माल घेतला त्यांना ती सांगायला हवी होती. म्हणून तयार झालेले सेट घेऊन मी एसटीनं अकोल्याला गेलो. दुकानात गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिलो. मग दुकानदाराला म्हणालो, "आधीच्या मालातल्या काही सेटच्या पट्टीत जुनी लोकर हाय. तुमाले सांगायले पायजे म्हनून आलो. पाहिजे तं वापस करा."

तो काउंटरवर वाकला. "काका, हळू बोला."

"काहून?"

"एकीले पट्टीत जुनी लोकर दिसली, तवापासून गिऱ्हाईक त्याच्यासाठीच तं येऊन राहिलं. बायका येतेत अन् इचारतेत, जुनं घातलेलं हाय का त्याच्यात? मी काढून देतो. थे वेगळे ठेवले मी." त्यानं खालच्या खणाकडे बोट दाखवलं. तिथे आमचे वेलीच्या टोपऱ्याचे सेट होते, आणि त्यांच्यावर लावलेली किंमत बाकीच्यांपेक्षा पंचवीस रुपयांनी जास्त होती. आम्हाला त्यानं सगळ्यांचा एकच भाव दिला होता.

छापील बिल देतो म्हणून या माणसावर मी कधी शंका घेतली नव्हती.

"मंग आता थे काम करनारी बाई नाही आमच्याकडे," मी म्हणालो.

"मंग काका, पुढच्या खेपेले दहाच आना," तो म्हणाला. "साधे सेट तं लुधियान्याहून येतेत, तुमच्यापेक्षा सस्ते."

असं त्या हिवाळ्याचं काम एकतृतीयांशावर आलं. बाकीच्या दोघींपैकी एकीनं हात दुखतो असं सांगून येणं बंद केलं. मी काटा पुसून ठेवला.

यात सगळ्यांत महत्त्वाचं राहिलं. आमच्या मुलीचं पहिलं बाळ नवव्या दिवशी गेलं होतं. त्या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं, आणि आता ती पुन्हा आमच्याकडे बाळंतपणाला आली होती. सातवा संपून आठवा लागला होता. ती दिवसभर बोलायची नाही. आईनं काहीही शिवायला किंवा विणायला घेतलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची. आधीच्या वेळी सगळं कोरं, नवं, तिनंच हौसेनं केलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. ते आधीच्या वेळीही म्हणाले होते.

एक दिवस बायकोनं एकशे चाळीस ग्रॅम पांढरी लोकर माझ्याकडून तोलून घेतली. कुठं नेतेस ते मी विचारलं नाही. ती सांगूनच गेली, "तिच्याकडं जातो. तुमी घरी राहा."

वीस दिवसांनी भाभीचा थोरला मुलगा सेट देऊन गेला. वेलीचं टोपरं, पायमोजे, स्वेटर. बायकोनं तो मुलीच्या मांडीवर ठेवला. "यात भाभीच्या धाकट्याच्या स्वेटरची लोकर हाय," ती म्हणाली. मुलीनं पट्टीवरून बोट फिरवलं. खूप दिवसांनी तिनं एखादी वस्तू हातात घेऊन खाली ठेवली नाही. त्या दुपारी ती सेट उशाशी घेऊन झोपली.

ती उठल्यावर घडी घालायला म्हणून तो माझ्या हातात आला. मी तोलायचं ठरवलं नव्हतं. पण माझा हात ठरवायला थांबत नाही. सेट तळहातावर आला आणि हातानं सांगितलं, हा हलका आहे. मी काटा काढला. एकशे अडतीस.

दोन ग्रॅम तूट. जशी असायला हवी तशी. त्यात काही घातलेलं नव्हतं.

घरात हे फक्त मला कळलं होतं. बायकोला सांगितलं तर ती पट्टी उसवून पाहणार आणि मुलीला ते कळणार. न सांगितलं तर मुलगी ज्या भरवशावर झोपली तो भरवसा पोकळ आहे, हे मी एकटा जाणून बसणार. त्या जुन्या लोकरीनं काही होतं, असं मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण आठव्या महिन्यातली माझी मुलगी मानत होती, आणि तिला खोटा माल दिला गेला होता. मला पहिल्यांदा वाटलं की भाभीनं सूड घेतला. अगदी माझ्याच वजनात. मग वाटलं, मी तिला जे मागितलं होतं तेच तिनं दिलं. जितकं दिलं तितकं, दोन-तीन कमी.

मी कपाटाच्या खणातून पुडी काढली. सेट पिशवीत घातला, बायकोला म्हणालो, एक टाका सुटल्यासारखा वाटतो, दाखवून आणतो. आणि निघालो.

भाभी दारातच बसली होती. आत नवरा कमानीची तार ताणत होता. तिनं मला पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "कमी आलं का, भाऊ?"

"बरोबर आलं," मी म्हणालो. "म्हनूनच आलो."

तिनं पिशवी घेऊन मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "नाही उरली आता. धाकट्याचा सोटर सरला. जे शेवटचं होतं थे तुमच्याच सेटात घातलं होतं, पिवळ्यात. थे तं तुमी काढलं."

"माह्या बायकोले काहून नाही सांगतलं?"

"कसं सांगू? थे माह्या दारात बसून रडली. विनून तं देतो म्हटलं. पट्टी उसवून कोन पाहाते." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी पाहासान, हे ठाऊक होतं मले."

मी पुडी तिच्यापुढे धरली. तिनं वरची तारीख वाचली, वजन वाचलं, मग पुडी उघडली. तुकड्यातुकड्यांची तपकिरी लोकर. ती तिनं तळहातावर घेतली आणि हात वरखाली केला. मी बाजारात करायचो अगदी तसा.

"हे किती हाय म्हनता?"

"अकरा ग्राम. काट्यावर तोललं."

"मी तं जास्त घातली होती."

एकशे बावन्नातून एकशे अडतीस गेले की चौदा उरतात. हे मला त्याच दिवशी, उसवलेला सेट तोलतानाच दिसलं होतं. भुशात गेले असतील, झाडण्यात गेले असतील, कापलेल्या टोकांत गेले असतील, असं समजून मी ते सोडून दिलं होतं.

"चौदा होती," मी म्हणालो.

"मंग तीन कुठं गेले?"

"झाडन्यात गेले असतीन."

"असतीन," ती म्हणाली. रविवारी ओसरीवर मी ज्या आवाजात असतील म्हणायचो, त्याच आवाजात. आतून कमानीचा आवाज बंद झाला होता. तिचा नवरा दारात येऊन माझ्याकडे पाहत होता. माझ्याजवळ काटा नव्हता, साक्षीदार नव्हता. पुडी मीच बांधली होती, आकडा मीच लिहिला होता. त्या तीन ग्रॅमचं मला काही सांगता येत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कोणी का मानावं?

"भाऊले खाट टाका," भाभी नवऱ्याला म्हणाली. मला म्हणाली, "बसा. तुमच्या डोळ्यापुढंच घालतो. नाही तं उद्या म्हनसान, अकरातले बी आठच घातले."

मी बसलो. तिनं पांढरी पट्टी सोडली, तुकडे एकमेकांना गाठी मारून जोडले, गाठी आत दाबल्या, पट्टी पुन्हा दुमडून शिवली. बराच वेळ लागला. मधे तिच्या नवऱ्यानं चहा आणून दिला आणि कापसाचा भाव विचारला, मी सांगितला. काम झाल्यावर तिनं सेट घडी करून पिशवीत घातला.

"घरी जाऊन तोलसान," ती म्हणाली. विचारत नव्हती.

"तोलीन."

"वहीत लिहासान?"

"लिहीन."

"मंग तूट बी लिहा. कोनाची, थे बी लिहा."

घरी आलो. मुलगी ओसरीवर बसली होती; तिनं हात पुढे केला आणि सेट मागून घेतला. तो परत माझ्या हाती यायला रात्र झाली. एकशे एकोणपन्नास. मी वही उघडली, पांढरा सेट, दिले एकशे चाळीस, आले एकशे एकोणपन्नास, असं लिहिलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं, तूट तीन ग्रॅम. आणि त्यापुढे माझं नाव.